हॉस्टेलपासून स्टाफरूमपर्यंत

(नाशिक येथे संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘आदिवासी शिक्षण : काल आणि आज’. त्यातला ‘काल’ तुम्हाला पाठ आहे. हॉस्टेलमधली पत्र्याची पेटी, नागलीची भाकर, सुरगाण्याची शेवटची एसटी, हे सगळं या पत्रिकेत अनेक वर्षं छापून आलेलं आहे, फोटोंसकट. त्यातल्या एका फोटोत दुसऱ्या रांगेत मीही आहे, दोन वेण्या आणि डोळे मिटलेले. तेव्हा त्यावर मी वेळ घालवत नाही.

मी बोलणार आहे ते त्या फोटोतल्या मुलांचं पुढे काय झालं याबद्दल. त्यातली काही शिकली, एम.ए., एम.एस्सी. झाली आणि आज कॉलेजात नोकरी करतात. कुणी प्राध्यापक आहे, कुणी तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी ग्रंथालयात आहे, कुणी प्रयोगशाळा परिचर, कुणी शिपाई. मी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्यासारख्यांबद्दल या मेळाव्यांत कधी बोलणं निघत नाही, कारण संस्थेच्या अहवालात आम्ही ‘यशस्वी विद्यार्थी’ या रकान्यात गेलेलो असतो. यशस्वी माणसाला आणखी काय लागणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण माझ्या अनुभवानं सांगते, हॉस्टेलमध्ये जेवढा आधार लागतो त्याहून तो स्टाफरूममध्ये जास्त लागतो, आणि तिथे तो द्यायला कुणीच नसतं.

थोडे आकडे सांगते. केंद्र सरकार दरवर्षी देशातल्या उच्च शिक्षणाची पाहणी करतं. २०२०-२१ च्या पाहणीत कॉलेज आणि विद्यापीठांतल्या १०० विद्यार्थ्यांत आदिवासी ५.८ होते. शिक्षकांत मात्र १०० मागे फक्त २.५. लोकसंख्येत आमचा वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८.६ टक्के आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर तो २५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे चार माणसांत एक आमचं. सुरगाणा-पेठला मोजत बसायचीही गरज नाही. आता तुमच्या ओळखीच्या एखाद्या कॉलेजची स्टाफरूम डोळ्यांसमोर आणा आणि चारात एक मोजून बघा. मग झाडू मारणारे, पाणी भरणारे, बाटल्या धुणारे मोजा. कुठे किती सापडतात ते तुमचं तुम्हालाच कळेल.

‘गुणवत्ता असेल तर जागा मिळेलच की, बाई’ हे मला याच सभागृहात, चहाच्या वेळी, अतिशय प्रेमानं सांगितलं गेलेलं आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण प्राध्यापक होण्याची वाट कशी असते ते बघा. पदव्युत्तर पदवी झाली, सेट-नेट उत्तीर्ण झालं, की लगेच नोकरी लागत नाही. आधी तासिका तत्त्व. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीत नाहीत, मे महिन्यात नाहीत, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत. शहरात वडिलांचं घर असलेला मुलगा अशी सात-आठ वर्षं काढू शकतो. ज्याचे आईवडील दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या बागेत मजुरीला उतरतात, तो किती काढेल? माझ्या डोळ्यांसमोर चार सेट उत्तीर्ण मुलं या वाटेवरून परत गेली. एक आता आश्रमशाळेत रोजंदारीवर आहे. दुसऱ्याचं पिठाच्या गिरणीचं दुकान आहे. गिरणीत कमीपणा नाही. पण त्याचा विषय भौतिकशास्त्र होता, आणि त्याच्या तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा रिकामी होती.

रिकामी जागा भरली का जात नाही, याचीही एक कथा आहे. नोकरीत कुठली जागा कुणासाठी राखीव ते ठरवणाऱ्या तक्त्याला बिंदुनामावली म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण आमचं आयुष्य त्यावर टांगलेलं असतं. केंद्रीय विद्यापीठांत पूर्वी सगळं विद्यापीठ एक धरून ही नामावली लावत. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्यावरून ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं पत्रक काढलं, की विद्यापीठ नव्हे, प्रत्येक विभाग वेगळा धरा. ऐकायला किरकोळ बदल. पण विभागवार मोजलं की आदिवासींची पाळी चौदाव्या जागेवर येते. एका विभागात चौदा प्राध्यापक किती ठिकाणी असतात? पाच-सहा असले तरी खूप. म्हणजे आरक्षण कागदावर शाबूत, आणि जागा कधीच येणार नाही. देशभर आंदोलनं झाली. शेवटी मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी संसदेत कायदा होऊन पुन्हा संपूर्ण संस्था एक धरायची असं ठरलं. त्या वर्षभरात ज्यांचं वय आणि उमेद निघून गेली त्यांना कुणी भरपाई दिली नाही.

जागा आली, तरी आमच्या फाइलीत आणखी एक कागद लागतो. जात वैधता. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० ची, म्हणून त्याआधीचा पुरावा आणा. माझ्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचा १९५० पूर्वीचा दाखला कुठून येणार? चुलत आजोबांचं नाव एका जुन्या महसुली कागदात सापडलं म्हणून माझी वैधता झाली. आमच्या नाशिकमध्येच आदिवासी विकास आयुक्तालय आहे. त्या परिसरात उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील.

ही कडक तपासणी का आली, तेही सांगायला हवं. आमच्या जमातींशी नावं मिळतीजुळती असणाऱ्या अनेकांनी आमचे दाखले काढले आणि आमच्या जागा घेतल्या. सर्वोच्च न्यायालयानं ६ जुलै २०१७ च्या बहिरा प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी आणि पदवी टिकणार नाही. मग डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशा लोकांना एकदम घरी न पाठवता अधिसंख्य पदांवर घेतलं, आणि रिकाम्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरायच्या ठरल्या. साडेबारा हजार पदांचा आकडा आम्ही तेव्हापासून ऐकतो आहोत. चोरी कुणी केली आणि संशय कुणावर येतो, ते मात्र पाहण्यासारखं आहे. मी नवी रुजू झाले तेव्हा एका सहकाऱ्यांनी हसत विचारलं, ‘मॅडम, तुम्ही ओरिजिनल ना? दिसत नाही तशा.’ इस्त्रीची साडी नेसलेली, इंग्रजीतून शिकवणारी बाई आदिवासी असेल हे त्यांच्या डोळ्यांना पटेना. चांगलं शिकवलं तर मी खोटी, आणि तासाला अडखळले असते तर ‘आरक्षणवाली’. बसायचं कुठं?

आता नोकरीच्या आतलं सांगते, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अमादो पाडिला नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, मेक्सिकन वंशाचे. त्यांनी १९९४ मध्ये एका लेखात एका गोष्टीला नाव दिलं : सांस्कृतिक कर. विद्यापीठात अल्पसंख्य समाजातला एखाददुसरा प्राध्यापक असला की त्या समाजाशी संबंधित प्रत्येक काम त्याच्या गळ्यात पडतं. समिती असो, पाहुणे असोत, त्या समाजातल्या मुलांची भांडणं असोत, हाक त्यालाच. आणि बढतीच्या वेळी यातलं काहीच मोजलं जात नाही. मी हे निवृत्तीनंतर वाचलं आणि मनात म्हटलं, हा माणूस आमच्या कॉलेजात येऊन गेला की काय.

९ ऑगस्ट आला, जागतिक आदिवासी दिन, की मला निरोप : ‘मॅडम, तुमच्या लोकांचं नृत्य बसवून द्या.’ मी वनस्पतिशास्त्राची. मला नाचता येत नाही, आजही येत नाही. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांवर भाषण माझं. शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटीवर अडकले, माझ्याकडे. हॉस्टेलमधल्या मुलीला ताप आला, माझ्याकडे. कुणी पळून गेलं, तर त्याच्या बापाला निरोप मी सांगायचा. नॅकची समिती आली की मला पुढच्या रांगेत बसवायचं, आणि समिती गेली की खुर्ची पुन्हा मागे. यातलं मुलांचं काम मी आनंदानं केलं, ते मला सोडायचंही नव्हतं. पण त्या वेळात माझे सहकारी शोधनिबंध लिहीत होते, आणि बढतीच्या, म्हणजे आमच्या भाषेत कॅसच्या, फाइलीत तापाच्या गोळ्या नेऊन दिल्याला गुण नाहीत. मला सहयोगी प्राध्यापक व्हायला माझ्याबरोबर लागलेल्यांपेक्षा सहा वर्षं जास्त लागली.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त लागलेली. एकदा रानभाज्यांच्या नोंदीचं काम निघालं. शेवळं, करटोली, कुर्डू, चाईचा मोहर, कुठल्या आठवड्यात कुठल्या उतारावर काय उगवतं, कडू कसं काढायचं, हे सगळं माझ्या आईनं दाखवलं. ती दोन पावसाळे गुडघे दुखत असताना आमच्याबरोबर रानात हिंडली. निबंध छापून आला तेव्हा त्यात माझं नाव शेवटी होतं आणि आईचं आभारातही नव्हतं. ‘स्थानिक माहितीदार’ एवढंच होतं. तिला मी तो निबंध दाखवला. तिनं शेवळाचं चित्र बघितलं आणि म्हणाली, ‘हे जून झालेलं आहे, आता खायच्या कामाचं नाही.’

शिपाई, परिचर यांचं तर विचारूच नका. आमच्या प्रयोगशाळेत एक दादा होते, पेठ तालुक्यातले. त्यांचं नाव घेऊन हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी. बाकी सगळे ‘ए पेठ’ म्हणायचे, वीस वर्षं. विद्यार्थीसुद्धा. सूक्ष्मदर्शकाखाली लावायची काचपट्टी त्यांच्याइतकी पातळ कापून देणारा माणूस मी पाहिला नाही. पदोन्नतीची परीक्षा असते, तिला बसता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा वय उलटून गेलेलं होतं.

हे सगळं चिमटीएवढं वाटेल. एकेक गोष्ट चिमटीएवढीच असते. पण रोजच्या रोज साचत गेलं तर काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आमच्यातली, धर्मानं मुस्लीम. मुंबईत टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात आणि नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राची निवासी डॉक्टर होती. निवासी डॉक्टर म्हणजे अर्धी विद्यार्थिनी, अर्धी कर्मचारी. शिकायचंही आणि ड्युटीही. २२ मे २०१९ ला ती गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळलं असा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत ते विद्यापीठ आपल्या नाशिकमध्ये आहे. ही मुंबईची दूरची बातमी नाही.

त्याच वर्षी पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं भेदभाव रोखण्यासाठी २०१२ मध्येच नियम केले होते, ते नीट अमलात आणा, एवढी त्यांची मागणी. एक मुस्लीम आदिवासी आई आणि एक दलित आई. आणि लक्षात घ्या, त्या २०१२ च्या नियमांचा सगळा रोख विद्यार्थ्यांवर होता. शिकवणाऱ्यानं, परिचरानं, ग्रंथपालानं कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, बाई, हे सरकारनं बघावं. आम्ही मंडळीची माणसं, वर्गणी देतो, हॉस्टेल चालवतो, आम्ही काय करणार? म्हणून आता आपल्या घरात येते.

संविधानाच्या कलम ३० नं आपल्याला आपल्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिला आहे. मोठा हक्क आहे, तो जपलाच पाहिजे. त्याचा एक परिणाम असा, की अल्पसंख्याक संस्थेला शिक्षक आणि कर्मचारी भरताना आरक्षणाची सक्ती नाही. आपल्या संस्थांत बिंदुनामावली तपासायला मागासवर्ग कक्षाचा अधिकारी येत नाही. इतर संस्थांना निदान कुणीतरी वर्षातून एकदा विचारतं, तुमच्याकडे आदिवासी शिक्षक किती? आपल्याला कुणीही विचारत नाही. मी कुठल्या एका संस्थेकडे बोट दाखवत नाही. पण आपल्या देणगीपत्रकावर आदिवासी मुलाचा फोटो असतो. त्याच मंडळीच्या कॉलेजच्या स्टाफ यादीत आदिवासी नाव शोधायला गेलं तर काय सापडतं, हे पंचमंडळींनी एकदा बसून पाहावं. कायदा विचारत नसेल तर आपण विचारावं. कागद आपल्याच कपाटात आहे.

असं पूर्वी झालेलं आहे, याच गावात. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी वसाहत चालवली. १८६० च्या सुमारापासून तिथे आफ्रिकेतली मुलं येऊ लागली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रज आरमारानं अडवायची आणि सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायची. त्यातली काही नाशिकला पाठवली जात. त्यांना इथे लिहायला-वाचायला आणि कसब शिकवलं. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता. १८७४ मध्ये तो त्या शवपेटीबरोबर थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. हे आपण अभिमानानं सांगतो.

पुढचं कमी सांगतो. विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेम्लर हे नाशिकमध्ये वाढलेले तरुण मोंबासाजवळच्या रबाई आणि फ्रिअर टाउनच्या मिशनमध्ये शिक्षक आणि उपदेशक म्हणून गेले. जोन्स आणि डेव्हिड तर १८६४ मध्येच. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ती मिशन उभी राहिली ती बरीचशी यांच्या खांद्यावर. १८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा उरलेल्या काफिल्याला परत घेऊन येणारा माणूस हा जोन्सच. पण पगार आणि मान या बाबतीत गोरे मिशनरी त्यांना बरोबरीचं धरत नव्हते. त्यावरून तक्रारी झाल्या, मनं दुखावली. सोडवलेल्या मुलाला शिकवायला मिशन तयार होती. तोच मुलगा सहकारी म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसायला आला तेव्हा जड गेलं. मला ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची वाटत नाही.

पहिल्या मंडळीत हा प्रश्न कसा सोडवला ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होतं अशी कुरकुर आली. तेव्हा त्या विधवांसाठी ज्यादा वर्गणी नाही काढली. सात जण निवडले आणि वाटणीचं काम त्यांच्याकडे दिलं. स्तेफन, फिलिप्प वगैरे ती सात नावं वाचून बघा, सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्या माणसांच्या हाती किल्ल्या दिल्या.

आपल्या देशात याचं चांगलं उदाहरणही आहे. रांचीचे बिशप निर्मल मिंज उरांव आदिवासी होते, शिकागोला जाऊन डॉक्टरेट करून आलेले. १९७१ मध्ये त्यांनी रांचीला गोस्नर कॉलेज काढलं आणि तिथे आदिवासी भाषा शिकवायला सुरुवात केली. आदिवासी माणूस तिथे पाहुणा नव्हता, यजमान होता. त्यांची मुलगी सोनाझरिया मिंज दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि २०२० मध्ये दुमक्याच्या सिदो कान्हू मुर्मू विद्यापीठाच्या कुलगुरू. शाळेत गणिताबाबत आपल्याला नाउमेद केलं गेलं होतं असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. घरात बिशप वडील होते म्हणून त्या टिकल्या असं मी म्हणणार नाही. पण पाठीशी कुणीतरी होतं.

माझ्या पाठीशीही होतं. आपल्याच मंडळीतल्या एक बाई होत्या, दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता प्रभूच्या घरी गेल्या. मी नोकरीला लागले तेव्हा एके रविवारी उपासनेनंतर त्यांनी विचारलं, ‘रिफ्रेशर केलास का? सर्व्हिस बुक बघितलंस का?’ मला सर्व्हिस बुक आपल्याला बघता येतं हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी दोन तास त्यांच्या घरी. माझा विषय त्यांना कळत नव्हता. पण अर्जावर पोच कशी घ्यायची, कुठलं काम लेखी मागायचं, शोधनिबंधात नावांचा क्रम आधी कसा ठरवून घ्यायचा, आणि नृत्य बसवायला नम्रपणे नाही कसं म्हणायचं, हे त्यांनी शिकवलं. ज्यांच्या घरात दोन पिढ्या मास्तर असतात त्यांना हे जेवताना कळतं. आमच्या घरात जेवताना पावसाचं बोलणं व्हायचं. आईची दुसरी नोंद पुढच्या निबंधात तिच्या नावानिशी गेली, ती या बाईंमुळे.

तर मागणं काय, ते सरळ सांगते. या सभागृहात निवृत्त शिक्षक, हेडक्लार्क, रजिस्ट्रार मिळून निदान वीस-पंचवीस जण दिसताहेत. तुमच्याकडे पैसे मागत नाही. शनिवारचे दोन तास मागते. एका तरुण प्राध्यापकाला किंवा क्लार्कला धरा आणि तुम्हाला जे फुकट कळलं ते त्याला सांगा. उपदेश नको, फाइल बघा.

आपल्या हॉस्टेल फंडाची मदत पदवीपाशी थांबते. ती सेट-नेट आणि तासिका तत्त्वाच्या वर्षांपर्यंत न्यावी असा ठराव मी कमिटीपुढे ठेवला आहे. बारा महिन्यांचा खर्च नको. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, जेव्हा तास नसतात, तेवढ्या महिन्यांचं खोलीभाडं आणि मेस. अशी मुलं आत्ता आपल्या माहितीत सात आहेत.

आणि खोली. नाशिकमध्ये घर भाड्यानं घेताना आडनावावरून विचारपूस सुरू होते. गावित, भोये ऐकलं की ‘कोणते तुम्ही?’ मग खोली कालच गेलेली असते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची वरच्या मजल्याची एखादी खोली रिकामी आहे. बाजारभावानं द्या, फुकट नको, पण द्या.

ज्यांचं संस्थांच्या कार्यकारिणीवर जाणंयेणं आहे त्यांना एकच सांगणं, की पुढच्या बैठकीत स्टाफ यादी मागून घ्या आणि मुलाखतीच्या मंडळात निदान एक आदिवासी जाणकार बसवा. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारायचा झाला तर त्याच्यासमोर मारावा लागेल.

मागच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. निळ्या वहीत शनिवार देऊ शकणाऱ्यांनी नाव, विषय आणि फोन लिहायचा, लाल वहीत खोली असलेल्यांनी. तासिका तत्त्वाच्या मुलाखती जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा मे संपायच्या आत नावं आली तर बरं. पेन बांधून ठेवलं आहे, मागच्या वेळी कुणीतरी नेलं होतं. चहा तयार आहे.